रिळाआधी वायर पाहा

मुंबईची लोहार चाळ असो की पुण्यातली तपकीर गल्ली, एक्स्टेंशन रीळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतं: किती मीटर आहे आणि सॉकेट किती आहेत. दुकानदार पिवळ्या ड्रमचं रीळ काउंटरवर ठेवतो, हँडल गरकन फिरवून दाखवतो, लाल दिवा लावून दाखवतो आणि व्यवहार होतो. वायर किती जाडीची आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. खरं तर तो प्रश्न पहिला यायला हवा. ड्रम, हँडल, स्टँड हे सगळं वायर सांभाळण्यासाठी असतं. काम वायर करते, आणि चुकीची निवडली तर तापतेही वायरच.

घरातलं वर्कशॉप म्हणजे आपल्याकडे पार्किंगचा एखादा कोपरा, गच्चीवरची पत्र्याची शेड किंवा गावाकडची पडवी. तिथे सॉकेट असतं एखादंच, तेही नको त्या भिंतीवर. ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, जिग सॉ अशी हत्यारं एकेक करत जमतात आणि त्यांच्या दोन-तीन मीटरच्या वायरी कुठेच पोचत नाहीत. मग रीळ येतं. आधी ते ड्रिलसाठी आणलेलं असतं. काही दिवसांनी त्यालाच कॉम्प्रेसर लागतो, आणि एक दिवस शेजारचा वेल्डर आपलं मशीनही त्यालाच जोडतो.

दुकानात वायरीला तिच्या जाडीवरूनच ओळखतात: एकची, दीडची, अडीचची, चारची. हे आकडे आतल्या तांब्याच्या छेदाचे, स्क्वेअर एमएममध्ये. स्वस्त रिळांत मात्र बऱ्याचदा ०.७५ ची किंवा त्याहूनही बारीक वायर असते. वरचं प्लास्टिक जाडजूड असलं की वायर भरभक्कम वाटते, म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

या जाडीने काय फरक पडतो, ते साध्या हिशेबाने कळतं. दीडच्या चांगल्या तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो. रीळ ३० मीटरचं असेल तर वीज फेजमधून ३० मीटर जाते आणि न्यूट्रलमधून ३० मीटर परत येते. म्हणजे ६० मीटर तांबं, रोध ०.८ ओहम. त्यावर लोखंड कापायचं १४ इंची कट-ऑफ मशीन लावलं, तर ते साधारण १० अँपिअर घेतं. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ८० वॅट उष्णता एकट्या वायरीत तयार होते. एकच्या वायरीत हाच आकडा ११७ वॅट होतो, ०.७५ च्या वायरीत दीडशेच्या वर जातो आणि अडीचच्या वायरीत ४८ वॅटवर येतो.

वायर फरशीवर पूर्ण पसरलेली असेल तर दीडच्या वायरीचे हे ८० वॅट काहीच नाहीत. मीटरमागे जेमतेम पावणेतीन वॅट. हवा ते सहज वाहून नेते आणि वायर हाताला फारशी तापलेली लागत नाही. पण रिळातून पाच मीटर वायर ओढली आणि बाकीची २५ मीटर गुंडाळलेलीच ठेवली, तर ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाहून जास्त उष्णता एका बंद प्लास्टिकच्या ड्रममध्ये, थरांवर थर चढलेल्या पीव्हीसीच्या आत कोंडली जाते. बाहेरचा थर थोडाफार निवतो. मधल्या थरांना निवायला वावच नसतो. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मुळातच ४० अंश असतात. त्यात ढोबळ हिशेबाने मधल्या थरांचं तापमान मिनिटाला दीड-दोन अंशांनी चढत गेलं, तर अर्ध्या तासाच्या आत मर्यादा ओलांडली जाते. आधी प्लास्टिक मऊ पडतं, मग शेजारशेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि शेवटी फेज-न्यूट्रलमधलं अंतर नाहीसं होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गुंडाळलेल्या वायरीची कॉइल होते, चोक बनतो आणि चुंबकामुळे वायर तापते, असं अनेक अनुभवी वायरमनही सांगतात. तसं होत नाही. एकाच वायरीत फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी चालतात, दोघांतला करंट सारखाच पण उलट दिशेचा असतो, आणि त्यांची चुंबकीय क्षेत्रं जवळजवळ पूर्णपणे एकमेकांना रद्द करतात. रीळ तापतं ते निव्वळ कोंडलेल्या उष्णतेने. हा फरक कळला की उपायही आपोआप कळतो: ड्रम धातूचा घेतला की प्लास्टिकचा, याने फारसं बिघडत नाही, वायर पूर्ण उलगडली की नाही, याने सगळं ठरतं.

जर्मनीत विकल्या जाणाऱ्या रिळांवर वॅटचे दोन आकडे छापलेले असतात. दीडच्या वायरीच्या रिळावर पूर्ण गुंडाळलेलं असताना १००० वॅट आणि पूर्ण उलगडलेलं असताना ३००० वॅटच्या आसपास, असा मजकूर नेहमी दिसतो. केबल ड्रमवर असताना तिचा भार किती कमी धरायचा, याचा तक्ताच तिथल्या मानकांत आहे: एका थराला ८० टक्के, दोन थरांना ६१, तीन थरांना ४९, चार थरांना ४२. आपल्याकडच्या स्वस्त रिळांवर बहुधा एकच आकडा असतो, आणि तो कुठल्या स्थितीतला हे लिहिलेलं नसतं. तेव्हा तो पूर्ण उलगडलेल्या वायरीचा आहे असंच धरावं.

मग घरातला एमसीबी कशासाठी आहे, असा प्रश्न साहजिकच येतो. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगची राखण करतो. १६ अँपिअरच्या सॉकेटमागे अडीचची किंवा चारची वायर असते आणि एमसीबी तिच्या हिशेबाने निवडलेला असतो. त्या सॉकेटला पुढे ०.७५ चं रीळ जोडलंय, हे त्याला कळायचं कसं? त्यात १६ चा एमसीबी १६ अँपिअरला पडत नाही. नियमानुसार १८ अँपिअरपर्यंत तो तासभरात पडायला नको, आणि २३ अँपिअरला तासाभराच्या आत पडला तरी तो योग्य ठरतो. तेवढ्या वेळात ०.७५ ची गुंडाळलेली वायर संपलेली असते.

शॉर्ट सर्किटच्या वेळी तरी एमसीबी लगेच पडेल ना? लांब आणि बारीक वायर तिथेही आडवी येते. सी प्रकारच्या १६ च्या एमसीबीला झटक्यात पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. ३० मीटर ०.७५ च्या वायरीचा रोध दीड ओहमच्या वर, त्यात घरापर्यंतच्या तारांचा अर्धा-पाऊण ओहम मिळवला, तर रिळाच्या टोकाला शॉर्ट झाल्यावर करंट मिळतो तो जेमतेम शंभर अँपिअर. नेमका असा की एमसीबी क्षणात पडेल याची खात्री देता येत नाही. अडीचच्या वायरीत हाच करंट जवळजवळ दुप्पट होतो आणि खात्रीही मिळते.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. आपला गोल पिनांचा टॉप मुळात १९३४ च्या ब्रिटिश मानकातून आलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये तिथे चपट्या पिनांचा नवा टॉप आला आणि त्याच्या पोटातच फ्यूज बसवला गेला. त्यामुळे प्रत्येक वायरीला तिच्या जाडीप्रमाणे स्वतःचं संरक्षण मिळतं. आपण जुना गोल टॉप ठेवला, आणि त्यात फ्यूज नाही. म्हणून वर्कशॉपच्या रिळावर स्वतंत्र एमसीबी किंवा थर्मल कटआउट असणं हा आपल्याकडे चैनीचा भाग नाही, गरजेचा आहे. थर्मल कटआउट म्हणजे ड्रमवरचं ते छोटं बटण, जे रीळ फार तापल्यावर पुरवठा तोडतं आणि निवल्यावर दाबून परत सुरू करता येतं. ते बटण सारखं सारखं उडायला लागलं तर त्याला शिव्या घालू नयेत. ते खरं सांगत असतं.

बारीक वायरीचं दुसरं दुखणं म्हणजे व्होल्टेज पडणं. ते शहरात जाणवत नाही, गावाकडे मात्र रोजचं आहे. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गावात संध्याकाळी सॉकेटवरच २०० व्होल्ट मिळत असतील आणि त्यातले दहा-बारा रिळाने खाल्ले, तर एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. नुसता गुणगुणत बसतो. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, त्या क्षणी वायरीतली व्होल्टेजची घटही तितकीच वाढते, आणि इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर जोर उरतो दोन तृतीयांशाच्या थोडाच वर. अडकलेली मोटर मिनिटभर तशीच राहिली तर वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगच्या खर्चात अडीचची वायर आली असती, हे बऱ्याच जणांना मागाहून कळतं.

तर मग निवडायचं काय? ड्रिल, जिग सॉ, सँडर, दिवे एवढंच काम असेल आणि अंतर १५ मीटरच्या आत असेल, तर एकची वायर चालते. ग्राइंडर, मार्बल कटर, सर्क्युलर सॉ लागणार असतील तर दीडची घ्यावी. कट-ऑफ मशीन, कॉम्प्रेसर, टेबल सॉ, किंवा ३० मीटरचं अंतर असेल तर अडीचच्या खाली उतरू नये. वेल्डिंग मशीनला रीळ देऊच नये. त्याला चारची सुटी वायर आणि स्वतंत्र पॉइंट हवा. लांबीच्या बाबतीत हाव नको. ५० मीटरचं रीळ घेऊन नेहमी १० मीटर वापरणाऱ्याने १५ मीटरचं घ्यावं आणि वाचलेले पैसे जाडीत घालावेत.

वायरीवर लिहिलेलं वाचायची सवय लावावी. चांगल्या वायरीवर दर मीटरला कंपनीचं नाव, आयएसआय चिन्ह, आयएस ६९४ हा मानक क्रमांक, कोअर किती आणि जाडी किती हे छापलेलं असतं. कोरी वायर असेल तर रीळ परत ठेवावं. छापलेल्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवायला नको, कारण बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी आहेत. त्यांचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. ब्लेडने एक तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली, तर ते अ‍ॅल्युमिनियम. वरून चंदेरी पण आतून लाल निघाली तर ते कथिलाचं पाणी दिलेलं तांबं, आणि ते उत्तम.

सर्वांत सोपी परीक्षा मात्र वजनाची आहे. एक स्क्वेअर एमएम तांब्याचं वजन मीटरला सुमारे नऊ ग्रॅम. तीन कोअरच्या, दीडच्या, ३० मीटर वायरीत नुसतं तांबंच १२०० ग्रॅम भरतं. पीव्हीसी धरून वायर तीन किलोच्या पुढे जाते. ‘३० मीटर, दीडची’ असं लिहिलेलं अख्खं रीळ ड्रमसकट दोन किलो भरत असेल, तर आणखी काही तपासायची गरज नाही. खिशात एक छोटं लोहचुंबकही ठेवावं. टॉपच्या पिनांना आणि सॉकेटच्या आतल्या पट्ट्यांना ते चिकटलं, तर पितळ नाही, मुलामा दिलेलं लोखंड आहे. ते गंजतं, सैल पडतं आणि तिथेच ठिणग्या उडतात.

घराघरांत दिसणारा तो गोल डबा, ज्याच्या पोटात चार-पाच मीटर वायर गुंडाळलेली असते आणि बाहेर दोन पिनांचा टॉप लोंबतो, तो वर्कशॉपमध्ये आणूच नये. त्याच्या सॉकेटला तीन भोकं असतात, वायरीत मात्र दोनच कोअर. तिसरं भोक कशालाच जोडलेलं नसतं. ड्रिल आणि हातातले ग्राइंडर बहुतेक वेळा दुहेरी इन्सुलेशनचे असतात, त्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं आणि त्यांना अर्थिंग लागत नाही. पण बेंच ग्राइंडर, कॉम्प्रेसर, टेबल सॉ यांचं अंग लोखंडी असतं. आत कुठे फेज अंगाला लागली आणि अर्थिंग नसेल, तर ती मशीनला हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जाते.

घरात जुनं रीळ असेल आणि ड्रम धड असेल, तर ते सुधारता येतं. हे काम वायरमनकडून करून घ्यावं किंवा त्याच्या देखरेखीखाली करावं, आणि टॉप सॉकेटमधून काढूनच सुरुवात करावी. ड्रमच्या बाजूचे चार स्क्रू काढले की आतली खरी हकीकत दिसते. सॉकेटच्या मागे बारीक तारा नुसत्या पीळ देऊन स्क्रूखाली दाबलेल्या, अर्ध्या तारा बाहेर सांडलेल्या, आणि वायर ड्रममध्ये शिरते तिथे भोकाची धारदार कड तिच्या अंगात रुतलेली. तिथे सुधारणेला भरपूर वाव असतो. भोकाला रबरी बुश बसवावा. वायर आतून क्लॅम्पने घट्ट धरावी, म्हणजे ओढ सांध्यांवर येत नाही. तारांच्या टोकांना लग किंवा पिन थिंबल दाबून मगच स्क्रू आवळावेत. काही जण टोकांना कथील लावून ती कडक करतात. स्क्रूखाली ते करू नये, कारण दाबाखाली कथील हळूहळू पसरतं आणि सांधा सैल होतो. टॉपमध्ये हिरवी अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर हिसकली गेलीच तर अर्थ सर्वांत शेवटी सुटते.

सॉकेटच्या शेजारी छोट्या बॉक्समध्ये १० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, की रिळाची जातच बदलते. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, म्हणजे तो कुठेतरी जमिनीत, कदाचित माणसातून गळतो आहे. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला आरसीसीबी डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो. त्याच्यावरचं ‘टी’ अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. पावसाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात काम करणाऱ्याने तर आरसीसीबीशिवाय रीळ बाहेर काढूच नये, आणि सॉकेट झाकणाची, शिंतोडे अडवणारी, आयपी ४४ दर्जाची घ्यावीत. कारखान्यांत दिसणारे निळे गोल इंडस्ट्रियल प्लग घरी बसवले तरी उत्तमच.

दोन गोष्टी मात्र सुधारणेच्या नावाखालीही करू नयेत. मध्येच तुटलेली वायर पीळ देऊन, टेप गुंडाळून रिळावर ठेवू नये. तो सांधा ड्रमच्या आत, दिसणार नाही अशा जागी तापतो. वायर तुटली तर तिथे कापून रीळ छोटं करावं. आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटरचा पुरवठा घरात द्यायला दोन्ही टोकांना टॉप असलेली वायर कधीही बनवू नये. एक टोक सॉकेटमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्यावर जिवंत असतात. घरात लहान मूल असेल तर यापुढे काही सांगायला नको.

भिंतीवर किंवा छताला टांगायचं, स्प्रिंगने आपोआप गुंडाळणारं रीळ आता आपल्याकडेही मिळतं. बाकावरच्या कामाला ते फार सोयीचं: वायर पायात येत नाही, हत्यार ठेवलं की वर निघून जाते. आत घड्याळासारखी पट्टीची स्प्रिंग आणि वायर थांबवायची खटकी असते. पण ते जवळजवळ नेहमी अर्धवटच उलगडलेलं राहतं, म्हणून त्याचा गुंडाळलेल्या स्थितीतला आकडाच खरा धरावा आणि त्यावर ड्रिल, सँडर, दिवे इतकंच चालवावं. मोठ्या मशीनसाठी हाताने फिरवायचं, पूर्ण उलगडता येणारं रीळ वेगळं ठेवावं.

गणेशोत्सवाच्या मांडवात काम करणारे लोक शेकडो मीटर वायर वर्षानुवर्षं वापरतात. त्यांच्यातले जुने जाणते वायर कोपर आणि पंजाभोवती गुंडाळत नाहीत. तसं गुंडाळलं की दर वेढ्याला वायरीला एक पीळ पडतो. पीळ साठत जातात, वायर सापासारखी वळवळते आणि आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात. ते एक वेढा सरळ आणि दुसरा उलटा घेतात, म्हणजे पीळ पिळाला खातो. ड्रमवर गुंडाळतानाही वायर आधी लांब ओढून सरळ करावी, एका हातात जुनं कापड धरून तिच्यावरून फिरवावं. धूळ पुसली जाते आणि कुठे चीर, फुगवटा किंवा भाजल्याचा डाग असेल तर बोटांना कळतो.

घरी रीळ असेलच, तर येत्या रविवारी एवढं करावं. सॉकेटमध्ये बसणारा छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात तो स्वस्तात मिळतो. वायर पूर्ण उलगडून मीटर रिळाच्या सॉकेटला लावावा आणि आकडा लिहून घ्यावा. मग शेजारच्या सॉकेटला १००० वॅटची इस्त्री लावून पुन्हा पाहावं. नंतर तीच इस्त्री आणि तोच मीटर थेट भिंतीच्या सॉकेटवर, दोन सॉकेटच्या बोर्डवर लावून तशाच रीतीने तपासावं. भिंतीवर पडलेले व्होल्ट रिळावर पडलेल्या व्होल्टमधून वजा केले की उरते ती रिळाची स्वतःची घट. दीडच्या ३० मीटर वायरीला ती साडेतीन व्होल्टच्या आसपास यायला हवी. आठ-दहा व्होल्ट आली, तर वायर बारीक आहे, मुलाम्याची आहे किंवा कुठेतरी सांधा सैल आहे. अशा रिळावर ग्राइंडर लावू नका.